रागवायचे ते आपल्या माणसांवर

प्रा. व्हिओरिका दुमित्राश यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात जर्मन, रोमानियन आणि हंगेरियन लेखांच्या मध्ये हा एक मराठी लेख का, असे कुणी विचारील. उत्तर बाईंनीच देऊन ठेवले आहे. संपादकांना त्यांनी एकच अट घातली. प्रत्येकाने आपल्या भाषेत लिहावे, कारण ज्यांच्यावर रागवायचे त्यांना ते वाचता आले पाहिजे. तेव्हा हा गौरवलेख पुरेसा गोड वाटला नाही, तर त्याला बाई स्वतः जबाबदार आहेत.

त्यांची माझी ओळख जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये झाली. मी इथल्या एका कारखान्यात ब्रेकच्या चाचण्या करते. जर्मन सुधारावे म्हणून प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातले. विषय देशप्रेम, शिकवायला बाई. त्या वर्षी निर्वासितांनी भरलेल्या गाड्या स्टेशनात येत होत्या आणि चौकात झेंडे घेऊन माणसे जमत होती. पहिल्याच तासाला मी हात वर करून जर्मनांच्या इतिहासाबद्दल बरेच बोलले. बाईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "आल्झो, तर मग, हे या समोरच्या जर्मनांना बोलू द्या. तुम्ही तुमच्याकडचे सांगा."

वर्गाचा तो नियमच होता. जर्मनाने जर्मनीबद्दल बोलायचे, तुर्काने तुर्कस्तानबद्दल, बाईंनी रोमानियाबद्दल. मला तो लगेच पटला. दुसऱ्याचे माप घेण्याआधी आपले यंत्र तपासायचे, हे आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात.

बाईंनी तो नियम आयुष्यभर पाळला. त्यांच्या गावात रोमानियन आणि हंगेरियन एकाच गल्लीत राहत. हुकूमशाहीच्या काळात, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या हंगेरियन शेजाऱ्यांना सरकार पाहुणे ठरवू लागले. ते पाहुणे नाहीत, एवढेच बाईंनी लिहिले. शाळेतली तत्त्वज्ञान शिकवण्याची नोकरी गेली, पुढे देशही सुटला. हुकूमशाही पडल्यावर त्या पुस्तके घेऊन आनंदाने गावी गेल्या, तर नव्या स्वतंत्र लोकांनी ती वाचनालयातून काढून टाकली. सख्ख्या भावाने सुनावले की परदेशात बसून घरच्यांना नावे ठेवणे सोपे असते. बाई त्याला म्हणाल्या, "माझ्याकडे किल्ली आपल्याच घराची आहे. वाळवी मी दुसऱ्या कुणाच्या घरात शोधू?" भाऊ अजून बोलत नाही. बाई दर नाताळात त्याला आलुबुखाराचा मुरंबा पाठवतात.

त्यांचा जिव्हाळा असाच असतो, न सांगता पोहोचणारा. माझी आई पुण्याहून आली होती आणि दिवसभर घरात एकटी असायची. बाई एक दिवस कोबीचा गड्डा घेऊन आल्या आणि भाषेवाचून तिला पानात सारण भरून गुंडाळ्या करायला शिकवू लागल्या. तिच्यासाठी खिमा टाळून भात आणि अळिंबीचे सारण आणले होते. आईने गुंडाळी हातात फिरवून पाहिली आणि निकाल दिला, "अळूवडीची बहीण आहे." मी तो भाषांतर करून सांगितला. बाई म्हणाल्या की या पदार्थाचा खरा मालक कोण यावरून त्यांच्याकडे पाच देश भांडतात. आई म्हणाली, "त्यांना सांग, आमच्याकडे भांडायला पाच देश लागत नाहीत."

आता ज्यासाठी हा लेख मराठीत आहे, ते सांगते.

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गाला सांगलीच्या शाहीनताई मुलाणी शिकवत. इथे वाढलेली आमची मुले आईबापांना जर्मनमध्ये उत्तरे देतात. शाहीनताईंपुढे ती मराठीत भांडत. नवी कार्यकारिणी आली आणि ठरले की वर्गात आता संस्कार आणि सणवारही शिकवायचे आहेत, तेव्हा तो आपल्यातल्या कुणाकडे असावा. शाहीनताईंना निरोप गेला की त्यांनी विश्रांती घ्यावी. त्यांनी थकल्याची तक्रार कधीच केली नव्हती.

त्याच सुमारास मंडळातल्या एकाला बसमध्ये कुणी तरी "आपल्या देशात जा" म्हणाले. सगळे संतापले, आणि ते बरोबरच होते. गणेशोत्सवात याच विषयावर व्याख्यानाला बाईंना बोलवावे, असे ठरले. मी बाईंना निमंत्रण दिले आणि नियमाप्रमाणे आमच्याकडचेही सांगितले. त्यांनी एकच अट घातली. त्यांची ओळख शाहीनताईंनी करून द्यावी.

अध्यक्षांचा मला फोन आला. "अगं, हा आपला घरातला विषय. त्यांना कशाला सांगितलास?"

मी म्हटले, "घरातला आहे म्हणूनच."

"शाहीनबद्दल कुणाच्या मनात काही नाही गं. पण लोकांना काय वाटेल?"

हे लोक कोण, ते मी विचारले. त्यांनी बाईंचे व्याख्यानच रद्द केले आणि त्या जागी अंताक्षरी ठेवली.

मला आजही राग येतो तो या सौजन्याचा. बसमधला माणूस निदान तोंडावर बोलला. आपण मात्र "विश्रांती घ्या" म्हणतो, वर दिवाळीचा फराळ पाठवतो, आणि जी बाई आपल्या मुलांना आपली भाषा देते तिला आपल्यातली नाही असे ठरवतो. ‘पाहुणे’ हा शब्द आपण वापरला नाही, इतकाच काय तो फरक.

शाहीनताई सोडून देणार होत्या. मला म्हणाल्या, "जाऊ दे गं, जिथं नको झालो तिथं कशाला उभं राहायचं?" बाईंनी त्यांना घरी बोलावले, बैठकीची खोली दाखवली आणि लिहिण्याचे टेबल भिंतीकडे सरकवले. तेव्हापासून मराठीचा वर्ग तिथे भरतो. बाई त्या वेळात स्वयंपाकघरात बसून लिहितात. मुले त्यांना आजी म्हणतात, आणि त्या उत्तर देतात, "काय रे?" अध्यक्षांच्या पत्नीही नातवाला घेऊन येतात. गाडी मात्र पलीकडच्या गल्लीत उभी करतात.

पंचाहत्तरीच्या माणसाने बैठकीच्या खोलीत लिहावे आणि रविवारी आराम करावा. बाईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो, ही माझी प्रार्थना आहे. त्यांची खोली त्यांना लवकर परत मिळावी, हीही इच्छा आहे, पण ती प्रार्थनेने मिळणार नाही. त्यासाठी मंडळाने शाहीनताईंच्या दारी जायचे आहे, आणि गाडी त्यांच्याच दारासमोर उभी करायची आहे.