घाणेरीचं तेल

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आम्हां सहा जणांना एकेक झाड वाटून दिलं होतं. त्याच्या पानांतलं सुगंधी तेल काढायचं आणि त्यात कोणकोणती द्रव्यं आहेत ते शोधायचं. एकीला दवणा मिळाला, एकाला मरवा. माझ्या वाट्याला घाणेरी आली. कुंपणाला, ओसाड जागेत, रुळांच्या कडेला कुठंही माजणारी, पान चुरगळलं की उग्र वास मारणारी. तिला शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही. मी घरी येऊन रडले.

अप्पा ओरत्तनाडूच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. तंजावूरहून रोज बसनं जा-ये करायचे. ते म्हणाले, "रडतेस कशाला? कचेरीच्या मागं रान माजलंय तिचं. किती पाहिजे सांग."

दुसऱ्या संध्याकाळी ते प्लास्टिकचं पोतं गच्च भरून घेऊन आले. हातांवर काट्यांचे ओरखडे होते. आईनं पोतं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. सकाळी प्रयोगशाळेत ते उघडलं, तर पानं आतल्या आत उबून काळी पडलेली. तरी मी ती पाण्यात उकळली आणि वाफ थंड करत तीन तास बसले. काचेच्या नळीत पाण्यावर तेलाचा तवंगसुद्धा धड आला नाही. सर तमिळमधून शांतपणे म्हणाले, "पानं नीट आणायला हवीत. आणि कुठल्या झाडाची, कशी, याची नोंद हवी."

हे अप्पांना सांगताना मला संकोच वाटत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "नोंद म्हणजे काय काय लिहू?"

त्यानंतर ते कचेरी सुटल्यावर पानं तोडायचे, वेताच्या टोपलीत ओल्या फडक्यावर सैल पसरायचे आणि टोपली मांडीवर घेऊन बसमध्ये बसायचे. घरी आल्याबरोबर, चहाही न घेता, गच्चीवर सावलीत पानं पसरून ठेवायचे. प्रत्येक जागेची जुडी वेगळी, तिला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. अप्पांना देवनागरी येत नव्हती. आम्हां तंजावूरच्या मराठी लोकांत बहुतेकांना येत नाही. म्हणून चिठ्ठीवर भाषा मराठी आणि अक्षरं तमिळ. 'तळ्याकाठची, सावली.' 'रस्त्याकडेची, दिवसभर ऊन.'

या वेळी तेल उतरलं. फिकट पिवळं, थोडेच थेंब, पण खरंखुरं तेल. सावलीचं आणि उन्हाचं अशा दोन कुप्या सरांनी दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत पाठवल्या, कारण त्यातली द्रव्यं वेगळी करणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. काही आठवड्यांनी टपालानं दोन लांब कागद आले. त्यांवर डोंगरांच्या रांगेसारख्या रेघा, एकेक शिखर म्हणजे एकेक द्रव्य. मी ते घरी आणून जमिनीवर पसरले.

"हे उंच कोण?" अप्पांनी बोट ठेवलं.

"कॅरिओफायलिन. मिरियातही असतं."

अप्पांनी स्वयंपाकघराकडे पाहून हाक मारली, "ऐकलंस का गे? तुझ्या सारातल्या मिरियाचं भावंड निघालं हे."

"मग उद्या सारात तेच घालते," आई आतून म्हणाली. पण पदराला हात पुसत बाहेर आली आणि आमच्याशेजारी बसून तिनंही कागद पाहिला.

उन्हातल्या पानांच्या कागदावर ते शिखर बुटकं होतं आणि दुसरंच एक वर गेलं होतं. एकच झाड, एकच गाव, पण तेलाची घडण निराळी. माझ्या प्रबंधात सांगण्यासारखं होतं ते एवढंच.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी विचारलं, "ही पानं सावलीतली कशावरून?" मी जपून ठेवलेल्या चिठ्ठ्या पुढं केल्या. त्यांनी एक चिठ्ठी मोठ्यानं वाचली, थांबले, पुन्हा वाचली.

"ही कुठली तमिळ?"

"मराठी आहे, सर. माझ्या वडिलांनी लिहिलीय."

ते हसले. मग पुढची दहा मिनिटं पानं कुणी, कशी, कुठून आणली हेच विचारत राहिले, आणि मी न अडखळता बोलत राहिले. अप्पा रजा टाकून बाहेर बाकावर बसले होते. निकाल ऐकल्यावर त्यांनी मला हॉटेलात नेऊन नेय रोस्ट, म्हणजे तुपातला कुरकुरीत डोसा, खाऊ घातला.

तेव्हा नवेनवे साबण आणि शांपू बाजारात येत होते, आणि वासाची रसायनं जाणणारी माणसं कंपन्यांना हवी होती. मद्रासच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. मुलीनं एकटीनं तिकडं राहायचं हे आईला पटेना. एका संध्याकाळी अप्पांनी तिला समोर बसवून सांगितलं, "तिला काम येतं. मी पाहिलंय." आईनं मग वाद घातला नाही. मी गेले, आणि पहिला महिना कठीण गेला तरी तिथं रमले.