वॉटी गिलफिलनला थंडी वाजते

वॉटी गिलफिलन क्रेगबर्नच्या खाणीतून बाहेर आला तो थेट आमच्या थिसल फुटबॉल संघाच्या गोलात जाऊन उभा राहिला. नुसता उभाच राहिला. हात मोठे, नजर चांगली. लांबून मारलेला चेंडू तो झाडावरचं सफरचंद काढावं तसा अलगद काढायचा. पण समोरून एखादा गडी एकटाच चेंडू घेऊन धावत आला, की वॉटी रेषेवर त्याची वाट बघत थांबायचा आणि मग जाळीतला चेंडू काढून परत द्यायचा. तीन मोसम लोकांनी चालवून घेतलं. सत्तावीस सालच्या जानेवारीत मॅनेजर डॉवीनं सुनावलं, "या शनिवारी असाच उभा राहिलास तर सोमवारी खाणीत जा. गोलाला खांब आहेत दोन, तिसरा नकोय."

तो आणि त्याची बायको एफी माझ्या समोरच्याच दारात राहायचे. तिचा बाप खाणीत उतरला तो परत वर आलाच नव्हता. वॉटी खाली उतरायचा तेव्हा पाळी सुटल्याचा भोंगा होईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

आमच्या जिन्यावरच्या चार घरांत मिळून मागच्या अंगणात धुण्याची एकच खोली. किल्ली पाळीनं फिरायची, गुरुवार एफीचा. त्या गुरुवारी मी साबण मागायला गेले, तर हंड्यात चादरी नव्हत्या. काहीतरी पिवळं रटरटत होतं.

"अगं बाई! हा त्याचा गोलातला स्वेटर ना?"

"हो."

"लोकर उकळतात का कुणी? आटून बाहुलीच्या मापाचा होईल."

"तेवढा नको. थोडा मोठा हवा," एफी म्हणाली आणि दांडक्यानं ढवळत राहिली.

स्वेटर एफीच्या सासूबाईंनी विणलेला. गळा कानांपर्यंत, लांबी मांड्यांपर्यंत.

"तू त्याला घरी बघितलंयस ना?" एफी म्हणाली. "चुलीपाशी ऊब मिळाली की हलत नाही. लापशी उतू जाऊन विस्तवात पडली तरी नुसता बघत बसतो. आणि कोळसा संपला की? सगळ्या स्वयंपाकघरात माझ्या पायांत पायांत येतो. डॉवीला वाटतं हा घाबरट आहे. घाबरट कसला! उबेला बसतो तो."

शनिवारी समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता. तिघांनी ओढून अंगात चढवलेला स्वेटर घालून वॉटी मैदानात आला. बाह्या कोपरांपर्यंत, हात वर केला की बेंबी.

"वॉटी, धाकट्या भावाचा घातलास का रे?"

"पोट झाक, बायका आहेत इथे!"

वॉटीनं गर्दीत एफीला शोधलं. एफी तेवढ्यात खाली वाकून पडलेली केसांची पिन शोधू लागली. पिन पडली नव्हती.

दहा मिनिटं तो हातांची घडी घालून उभा राहिला. मग जागच्या जागी उड्या मारू लागला. मग चालू लागला, आधी खांबापर्यंत, मग पुढे, मग आणखी पुढे. एवढ्यात पाहुण्यांचा गडी सगळ्यांना चुकवून एकटाच सुटला. एफीनं माझा दंड धरला. पुढे आठवडाभर तो काळानिळा होता. गड्यानं मान वर केली तर वॉटी दोन हातांवर, चालत आलेलाच. त्यानं सरळ त्याच्या पायांत उडी घेतली आणि चेंडू पोटाशी धरला. असं चारदा झालं. गोल एकही नाही.

"हे आधी का नाही केलंस?" डॉवीनं विचारलं.

"विचार चालू होता," वॉटी म्हणाला.

वर्तमानपत्रानं ती नवी पद्धत ठरवली. पुढे नऊ मोसम वॉटी जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला ती समजावायचा. "पुढे सरकायचं. गोल लहान दिसतो." एफी मान डोलावून चमचे उचलून घ्यायची.

"पण स्वेटर आटला कसा?" त्यानं एकदा विचारलंच.

"घाम किती येतो तुला," ती म्हणाली.

त्या सामन्यानंतरच्याच हिवाळ्यात सासूबाईंनी पोराची दया येऊन नवा विणला, दुहेरी लोकरीचा. त्यात पहिल्याच शनिवारी वॉटीनं तीन गोल खाल्ले, रेषेवर उभ्याउभ्या.

"आई, किती हो ऊबदार विणलात!" एफी त्यांना म्हणाली.

सोमवारी सकाळी ती माझ्या दारात. काखेत पिवळं गाठोडं.

"मंगळवार तुझा ना? किल्ली दे. गुरुवारपर्यंत थांबवत नाही मला."

"उद्या सकाळी घे," मी म्हटलं. मंगळवारी ती यायच्या आधीच हंड्याखाली जाळ घालून ठेवला.