सतीशच्या गाडीला कान लावला

मंडळी, एक पेच पडलाय.

आम्ही चेन्नईतले, हौसेखातर सुट्टीत गाड्या खोलणारे मित्र. त्यातला सतीश यंदा जानेवारीत, पोंगलनंतर वारला. नवख्याला तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "बॉनेटला कान लाव, गाडी आपलं दुखणं सांगते." नवख्यानं कान लावला की हा आत बसून हॉर्न दाबायचा.

आज त्याच्या बायकोनं, वहिनींनी, मैलापूरच्या घरी बोलावलं. सतीशची गाडी सुरू होत नव्हती. आम्ही तिघे गेलो. मी बॉनेट उघडणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "भावजी, आधी कान लावा ना. हे सगळ्यांना तेच सांगायचे."

ती थट्टा होती, हे कोणत्या तोंडानं सांगणार? लावला कान.

हॉर्न वाजला नाही. तरी सवयीनं आम्ही तिघेही दचकलो.

वहिनींनी हळूच विचारलं, "काय म्हणाली?"

तुम्ही काय सांगितलं असतं?