दशरथ ओव्हाळ आणि चौदा मुके ट्रॅक

दशरथ ओव्हाळांचा उजवा हात प्रेस मशीनखाली सापडला, तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीस होतं. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते वीस वर्षं कामाला होते. दोन बोटं गेली, तिसरं वाकेनासं झालं. कारखान्यानं त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, नोकरी टिकली. दशरथरावांनी कुणाकडे तक्रार केली नाही. फक्त दवाखान्यातून घरी आल्यावर कपाटावरचा कीबोर्ड चादरीत गुंडाळला आणि पलंगाखाली सरकवून दिला.

कारखान्याची नोकरी ही त्यांची अर्धीच ओळख होती. सुट्टीच्या दिवशी आणि बाबासाहेबांच्या जयंतीच्या आख्ख्या पंधरवड्यात ते एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. माळवाडीपासून लोणी काळभोरपर्यंत लोक त्यांना ओळखायचे. अपघातानंतर मित्र बोलवायचे, नुसतं ऐकायला तरी ये म्हणायचे. ते जायचे नाहीत. बायको वेणू एकदा म्हणाली, कीबोर्ड विकून टाकू या का. त्यांनी तो पलंगाखाली आणखी आत सरकवला, आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही.

अशी आठ वर्षं गेली. मुलगी अक्षता इंजिनिअर झाली, खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. तिनं नवा लॅपटॉप घेतला आणि जुन्यात संगीताचं एक सॉफ्टवेअर टाकून तो वडलांपुढे ठेवला. त्या पडद्यावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी होती. एका चौकटीत माउसनं पट्टी ओढली की एक सूर. पट्टी लांब केली की सूर लांबतो, वर सरकवली की चढतो. तो सूर सॉफ्टवेअर सिंथ वाजवतो, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतलंच वाद्य. बासरी सांगितली तर बासरी, व्हायोलिन सांगितलं तर व्हायोलिन.

“पप्पा, बोटं किती आहेत ते याला कळत नाही,” अक्षता म्हणाली.

पहिल्या चार ओळींच्या चालीला त्यांना तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी कामावरून आल्यावर त्यांनी पलंगाखालचा कीबोर्ड बाहेर काढला, लॅपटॉपला जोडला आणि डाव्या हातानं वाजवून पाहिलं. वेणू स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती बाहेर आली नाही, पण त्या दिवशी भाजी करपली एवढं खरं.

काय करायचं या सगळ्याचं, याचं उत्तर बुद्धविहारात मिळालं. चंद्रभागाबाई तिथल्या महिला मंडळाच्या म्हाताऱ्या गायिका. वय अठ्ठ्याहत्तर. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण बाबासाहेबांवरची, बुद्धावरची पंचवीस-तीस गाणी त्यांनी स्वतः जुळवलेली होती आणि ती सगळी फक्त त्यांच्या डोक्यात होती. दशरथरावांनी त्यातलं एक गाणं नीट बसवून रेकॉर्ड करायचं ठरवलं. बुद्धपौर्णिमेला विहारात वाजवता येईल, असा बेत होता. चार महिने खपून त्यांनी त्याला संगीत दिलं. ढोलकी, बासरी, व्हायोलिनचा ताफा, खालचे भारदस्त सूर, असे वाद्यागणिक वेगळे, सगळे मिळून चौदा ट्रॅक झाले.

अक्षतानं कोथरूडमधला एक छोटा स्टुडिओ शोधला. एका इमारतीच्या तळघरातल्या दोन खोल्या, आणि तो चालवणाऱ्या सुरुची नावाच्या बाई. वय चाळिशीचं, बोलणं मोजकं. एका रविवारी चंद्रभागाबाईंचा आवाज तिथं रेकॉर्ड झाला. आता मिक्सिंग तेवढं राहिलं होतं, म्हणजे आवाज आणि सगळी वाद्यं एकमेकांत नीट मिसळायची. दशरथरावांनी प्रोजेक्टची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि गाडीतळावरून कोथरूडची बस पकडली.

सुरुचीबाईंनी फाइल उघडली. चौदाच्या चौदा ट्रॅक पडद्यावर दिसत होते, सगळ्या पट्ट्या जागच्या जागी होत्या. त्यांनी बटण दाबलं. रेघ सरकत गेली आणि काहीही वाजलं नाही.

दशरथरावांचे कान तापले. चार महिने आपण काय केलं, असं त्यांना झालं. आपल्याला यातलं कळत नाही, आपण उगाच इथवर आलो, हेही मनात येऊन गेलं.

सुरुचीबाईंनी खुर्ची वळवली आणि विचारलं, “काका, तुम्ही मला गाणं आणून दिलंय की गाण्याचं नोटेशन?”

मग त्यांनी समजावलं. ट्रॅकवर जे आहे त्याला मिडी म्हणतात. कुठला सूर, कधी, किती जोरात, किती वेळ, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. आवाज त्यात नसतो. आवाज देणारी वाद्यं तुमच्या लॅपटॉपमध्ये आहेत, माझ्याकडे ती नाहीत. तेव्हा घरी जा आणि प्रत्येक ट्रॅक वेगळा वाजवून त्याचा ऑडिओ करून आणा. एकदा ऑडिओ झाला की तो कुठल्याही कॉम्प्युटरवर तसाच वाजेल. त्यांनी एका कागदावर पायऱ्या लिहून दिल्या. दशरथरावांनी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. येताना बसमध्ये त्यांनी तो चारदा उघडून वाचला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम सुरू झालं. त्यांनी दार लावलं, पंखा बंद केला, वेणूला कुकर उतरवायला लावला आणि श्वास रोखून बसले. जुन्या दिवसांत टेपवर रेकॉर्डिंग करताना असंच बसावं लागायचं. अक्षता ऑफिसातून आली तर घरात सुतकी शांतता, आणि आईबाप घामाघूम.

“पप्पा, हे आतल्या आत होतं. तुम्ही बोललात तरी त्यात जात नाही.”

वेणू इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग दशरथरावही हसले. पंखा लागला, कुकर पुन्हा चढला, आणि बासरीचा ट्रॅक ऑडिओ होऊन बाहेर पडला.

चौदा ट्रॅक झाले, ते घेऊन ते पुन्हा कोथरूडला गेले. या वेळी आवाज होता, पण सगळा गोंधळ. दुसऱ्या कडव्यात यायची ती ढोलकी पहिल्याच क्षणी सुरू झाली, व्हायोलिनं भलतीकडेच. त्यांनी प्रत्येक ट्रॅकमध्ये जिथं वाद्य वाजतं तेवढाच तुकडा काढला होता. सुरुचीबाईंनी सांगितलं की वाद्य शेवटच्या ओळीत एकदाच वाजत असलं, तरी ट्रॅक गाण्याच्या पहिल्या क्षणापासून काढायचा. आधीची शांतताही त्याच्यासोबत यायला हवी. नाहीतर कोण कुठं उभं राहायचं ते मला कसं कळणार?

त्या चिडतील असं त्यांना वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत. शेजारची खुर्ची ओढून एक ट्रॅक त्यांनी दशरथरावांकडूनच करवून घेतला, चहा मागवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला अर्धा तास थांबायला सांगितलं. ही गोष्ट दशरथराव अजून सांगतात. त्या बाईंनी मला हाकललं नाही, असं म्हणतात.

तिसऱ्या खेपेची तयारी त्यांनी आठवडाभर केली. एकेक ट्रॅक एकटा ऐकताना त्यांना स्वतःच्या चुका दिसायला लागल्या. व्हायोलिनचा एक सूर पुढच्या सुरावर चढत होता. घंटेचा नाद शेवटी हवेत विरायच्या आतच कापला जात होता. ऑर्केस्ट्रात इतकी वर्षं वाजवूनही त्यांनी प्रत्येक वाद्य असं वेगळं कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनी एकेक चूक दुरुस्त केली, ट्रॅक पुन्हा काढले, फाइलींना नावं घातली.

या वेळी सुरुचीबाईंनी गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत मध्ये न थांबवता ऐकलं. मग व्हायोलिन वेगळं काढून पुन्हा ऐकलं.

“हे कुणी वाजवलंय?”

“वाजवलं नाही मॅडम. मांडलंय.” आणि दशरथरावांनी आठ वर्षं खिशात ठेवायची सवय झालेला हात टेबलावर ठेवला.

त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ मुलांच्या फाइली याच्या पासंगाला पुरत नाहीत. त्यांना हे काम कंटाळवाणं वाटतं. तुम्ही शनिवार-रविवार याल का?”

काम हेच. लोक आपापली प्रोजेक्ट लॅपटॉपसकट आणून टाकतात, त्यातले मिडी ट्रॅक नीट ऐकायचे, त्यांचा ऑडिओ करायचा, आणि मिक्सिंगला तयार करून सुरुचीबाईंकडे द्यायचे. दशरथरावांना वाटलं, त्या दयेपोटी म्हणतात. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

“दया करायला मला वेळ नसतो,” सुरुचीबाई म्हणाल्या. “शनिवारी दहाला या.”

पहिल्याच महिन्यात हिंजवडीत नोकरी करणाऱ्या सौमित्र नावाच्या तरुणाचं गाणं आलं. एकावन्न ट्रॅक. त्यातला एक सिंथ असा होता की दर वेळी किंचित वेगळा वाजायचा. कधी आवाज हळू फुलायचा, कधी एकदम. बाकी कुणी एकदाच ऑडिओ काढून मोकळं झालं असतं. सौमित्रनं हेच गाणं घरी कच्चं मिसळून नमुना म्हणून दिलं होतं, ते दशरथरावांनी शेजारी लावून ऐकलं. त्यात तो आवाज ज्या तऱ्हेनं फुलत होता, तसा मिळेपर्यंत त्यांनी ट्रॅक नऊ वेळा काढला. सौमित्रनं ते ऐकून फोन केला. या गाण्यात त्याला सगळ्यात प्रिय तोच आवाज होता, आणि तो हरवणार याची त्यानं मनाची तयारी केली होती.

चंद्रभागाबाईंचं गाणं पौर्णिमेच्या सकाळी विहारात लागलं. वंदना झाली आणि स्पीकरमधून बासरी आली, मग व्हायोलिनं, मग तो थकलेला, पण खणखणीत आवाज. बायका आपोआप सोबत म्हणू लागल्या. चंद्रभागाबाई पुढच्या सतरंजीवर डोळे मिटून बसल्या होत्या. गाणं संपलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. दशरथराव जवळ जाऊन बसले आणि कसं वाटलं म्हणून विचारलं.

“म्या गेल्यावर बी ऱ्हाईल ना रं हे?”

“राहील, मावशी.”

“मग आजून लय हायेत. लिवून घे लवकर.” आणि तिथंच, पोरंटोरं खीर खात असताना, त्या दुसरं गाणं सांगायला लागल्या.

दशरथरावांनी खिसे चाचपले. कागद होता, पेन नव्हतं. अक्षतानं पर्समधून काढून दिलं. त्यांनी ते डाव्या हातात धरलं आणि लिहायला सुरुवात केली. लेकीचे, सुरुचीबाईंचे, या म्हातारीचे आभार मानावेत असं त्यांच्या मनात फार दाटून आलं होतं. पण चंद्रभागाबाई भराभर सांगत होत्या, आणि एकही ओळ सुटून चालणार नव्हती.