आतोबांच्या सायकलीचा चिमटा

दुकानातला नवा भाग सायकलीला लावणं म्हणजे बुद्धीचा पराभव, असं मानणारा माणूस जगात एकच झाला आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला.

अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर मी बदलापूर गावात आत्याकडे राहायला गेलो. आतोबा त्याच कारखान्यात कारकून होते, त्यामुळे आम्ही रोज बरोबरच सायकली हाणायचो. त्यांच्या ब्रेकला रबराऐवजी जुन्या वहाणेचे तुकडे होते, सीटखाली काथ्याचं वेटोळं, आणि डाव्या पेडलच्या जागी आत्याचं अर्धं लाटणं. "म्हणून पोळ्याही मी अर्ध्याच लाटते," असं आत्या पाहुण्यांना सांगे. एकदा अंबरनाथ पश्चिमेच्या भरबाजारात हॅण्डल त्यांच्या हातात आलं. उपटलेला मुळा धरावा तसं ते धरून आतोबा म्हणाले, "बघ, वजन कमी झालं!"

मग पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यालाच तडा गेला. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या सिंधी मिस्त्रीने तो पाहून कपाळावर हात मारला. "साईं, बदल डालो. टूटेगा तो सीधा मुँह के बल!" आतोबांनी त्याचीच पक्कड मागून घेतली, तड्यावर बांबूची कामटी ठेवली आणि वरून तांब्याची तार आवळली. "नातवंडं चालवतील," ते म्हणाले.

श्रावणातल्या एका सोमवारी आत्याला कॅरियरवर बसवून ते अंबरनाथच्या देवळाला निघाले. मी मागे होतो. उतारावर तार सुटून लोंबताना मला दिसली. मी ओरडलो. आतोबांनी ब्रेक दाबले, तसे वहाणेचे तुकडे दोन्हीकडे उडाले.

"अहो, थांबवा!"

"थांबवतोय! तू हलू नकोस!"

"मी नाही हलत, चाक हलतंय!"

कडकन आवाज झाला आणि दोघं भातखाचरात. भातातलं तण बेणणारी एक बाई धावली. "अगो बाय, जिती हायेस ना?" आतोबांना ओरखडाही नव्हता. आत्याचं उजवं मनगट मात्र मोडलं होतं. प्रत्येक गोष्टीवर उत्तर असलेल्या या माणसाने चिखलातच बसून तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. "माझ्यामुळे," एवढंच म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी ते मोडकी सायकल घेऊन कॅम्पात गेले. चिमटा, ब्रेक, पेडल, सगळं नवं घातलं. मिस्त्री हसेल म्हणून मान खाली घालून उभे होते. तो हसला नाही. "माई कैसी है?" एवढंच त्याने विचारलं.

हात प्लास्टरमध्ये असेपर्यंत आत्याची वेणी आतोबा घालत. भांग वाकडा, पेड सैल. शेजारीण सारखी करायला आली, तर आत्या म्हणाली, "राहू दे गं, छान आहे."

प्लास्टर निघालं. त्याच हाताने आत्या विहिरीवरून भरली कळशी आणू लागली. पण संध्याकाळ झाली की फणी घेऊन आतोबांपुढे पाठ करून बसायची.

"अजून दुखतंय हो," म्हणायची.

आणि आतोबा, बिचारे, पुढची कित्येक वर्षं ते खरं मानत राहिले.