अर्ध्या बाह्यांचा जादूगार

भिलाईच्या कॅम्प दोन या मजूरवस्तीतले लोक जानराव मेश्रामला दोन वेशांत ओळखत. रोज सकाळी तो खाकी पँट घालून कारखान्याच्या बांधकामावर जाई. तिथं तो खलाशी होता, लोखंडी तुळया दोरखंडानं बांधून वर चढवणाऱ्या टोळीतला. आणि गणपतीत, जयंतीला, एखाद्याच्या घरच्या बारशाला तो काळ्या मखमलीचा झगा घालून जादूचे खेळ करी.

झगा बाबुलाल उस्तादाचा होता. भिलाईला येण्याआधी जानराव गोंदिया-तुमसरकडं फिरणाऱ्या एका जादूच्या कंपनीत पडदे ओढायचा. पुढं उस्तादानं त्याला हातचलाखी शिकवली, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरून खेळ बंद पडला तेव्हा झगाही देऊन टाकला. उस्ताद म्हणायचा, माणूस हातानं नंतर फसतो, आधी कपड्यानं फसतो. झग्याला घोळदार बाह्या होत्या, बाह्यांत चोरखिसे होते आणि पाठीवर जरीचा चांद होता.

शेजारच्या खोलीत शालिकराम आणि सिंधुताई राहत. साकोलीकडचं शेतकरी कुटुंब. सिंधुताई मनानं चांगली होती. भीमाबाईच्या, म्हणजे जानरावच्या बायकोच्या, बाळंतपणात ती दिवसभर दारात बसून होती. पण या घरचं पाणी तिनं कधी घेतलं नाही. भीमाबाईनं पेला पुढं केला की, "आत्ताच पिऊन आली, बाई," म्हणे. हे दोघींनाही समजत होतं आणि दोघीही त्यावर बोलत नसत.

त्या वर्षी गणपतीत जानरावनं कबुतराचा खेळ केला. मान कापलेलं कबुतर टोपलीखाली झाकायचं, कामरू देशाची विद्या पुकारायची आणि टोपली उचलली की कबुतर फडफडत उडायचं. खेळ संपल्यावर बायाबापड्या पाया पडायला आल्या. त्यांत सिंधुताई होती. तिनं वाकून त्याच्या पायांवर डोकं टेकवलं.

घरी आल्यावर जानरावनं किती तरी वेळ झगा उतरवला नाही. भीमाबाई भाकरी थापत होती. तव्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "नागपूरले पांढरे कपडे घालून काय बोललो आपण? अन् इथं काळे घालून काय बोलून राहिले तुमी?"

नागपूरला धम्माची दीक्षा घेतली तेव्हा दोघांनी हात वर करून, देवदेवता मानणार नाही, खोटं बोलणार नाही, अशा प्रतिज्ञा म्हटल्या होत्या. जानराव म्हणाला, हा खेळ आहे, पोटापलीकडचा नाद आहे, लोकांनाही ते कळतं. पण आतून त्याला वेगळंच ठाऊक होतं. त्या झग्यात त्याला कुणी गाव विचारत नसे, आडनाव विचारत नसे. तेवढ्या दोन घटका तो कुणाचाच कोणी नसे, आणि ते सुख त्याला सोडवत नव्हतं.

गणपती उठले आणि शालिकराम तापानं पडला. थंडी वाजून ताप चढे, घाम येऊन उतरे, पुन्हा चढे. एका सकाळी तो बायकोलाही ओळखेना. जानराव कामावर निघाला होता, तोच सिंधुताई दारात आली. भाऊ, यांना वाचवा, एवढंच ती म्हणत होती. जानरावनं दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिला दवाखान्याची धास्ती होती. तिचा दीर गावाकडच्या दवाखान्यात गेला होता तो परत आला नव्हता. आणि कबुतर जिवंत झालेलं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

जानराव तिला मागच्या अंगणात घेऊन गेला. पिंजऱ्यात दोन कबुतरं होती, एकसारखी, करड्या रंगाची. त्यानं सगळं फोडून सांगितलं. मान कापलीच जात नाही, रक्त म्हणजे रंग आहे, रंग लावलेलं कबुतर बाहीत जातं आणि दुसरं टोपलीखालून उडतं. सिंधुताई पिंजऱ्याकडं टक लावून पाहत राहिली.

"यातलं मेलं होतं ते कोणतं?" तिनं विचारलं.

जानरावनं पिंजरा उचलून तिच्यापुढं धरला.

"तो झगा घाला न, भाऊ. एक डाव घाला."

मागं भीमाबाई उभी होती. ती आत गेली, पेटी उघडली आणि झगा घेऊन आली. "घाला," ती हळूच म्हणाली. "दुसरं काही ऐकणार नाही ही बाई."

झगा घालून जानराव पहिल्यांदाच शेजारचा उंबरा ओलांडून आत गेला. दिवसाच्या उजेडात मखमल जागोजाग विरलेली दिसत होती, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानं शालिकरामच्या तापलेल्या कपाळावर हात ठेवला. मंत्र म्हटला नाही. खेळातल्या भारदस्त आवाजात तो एवढंच बोलला, "याले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. तिथला डॉक्टर जे देईल ते मीच देऊन राहिलो, असं समजा."

चौघांनी बाज उचलली. मजूर उतरवून परत चाललेल्या एका ट्रकमध्ये ती चढवली. वाटेत सिंधुताईचं मन फिरू नये म्हणून जानरावही तसाच, झग्यासकट, बाजेशी बसला. कडक उन्हात काळ्या मखमलीतला माणूस पाहून कारखाना उभारायला आलेले, रस्त्याकडेचे रशियन साहेबही थांबून बघत होते. दवाखान्याच्या फाटकाशी त्यानं झगा काढून काखेत धरला. डॉक्टरांनी हिवताप मेंदूत शिरल्याचं सांगितलं. अजून उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. शालिकराम बरेच दिवस तिथं होता, आणि बरा होऊन आपल्या पायांनी घरी आला.

कॅम्पनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. झग्यानं माणूस वाचवला. सिंधुताई ज्याला त्याला तेच सांगे. मग जानरावच्या दारात लोक येऊ लागले. कुणाची सायकल चोरीला गेलेली, कुणाला मूल होत नव्हतं. तो हात जोडून सगळ्यांना परत पाठवी. पण झगा त्यानं टाकून दिला नाही, पेटीत जपून ठेवला होता.

दिवाळीनंतर कुम्हारीहून एक जोडपं आलं. बाईच्या पदरात तान्हं पोर होतं, श्वास घेताना त्याच्या फासळ्या आत ओढल्या जात होत्या. जानराव कामावर होता. भीमाबाईनं दवाखान्याची वाट दाखवली, सोबत यायला तयार झाली, शेवटी रागावलीसुद्धा. बाई हलली नाही, नवराही तिच्यापाशीच बसून राहिला. झगेवाला येऊ दे, म्हणत राहिली. दिवस कलताना जानराव परतला तेव्हा ती तशीच भिंतीला टेकून बसली होती आणि पोर पदरात गार झालं होतं. तरीही ती त्याला म्हणाली, आता तरी झगा घाला. तिचं नाव मथुरा होतं. ते नाव जानराव पुढं कधी विसरला नाही.

त्या दिवशी तो जेवला नाही. त्यानंतर कित्येक महिने त्यानं खेळही केला नाही.

पुढची जयंती जवळ आली तेव्हा धोंडबा रामटेके त्याच्याकडं आला. कॅम्पमध्ये जयंतीचा कार्यक्रम तोच उभा करी. खेळ झालाच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. झगा नको तर रशियन साहेबांसारखा कोट घाल, किंवा फेटा आणि शेरवानी घाल, मी आणून देतो, म्हणाला. जानराव म्हणाला, कोटालाही बाह्या असतात, शेरवानीलाही असतात. मग धोंडबानं दीक्षेच्या पांढऱ्या कपड्यांची आठवण काढली.

"ते नाही," जानराव म्हणाला. "ते कपडे कोणाले फसवासाठी नाहीत."

बराच वेळ विचार करून त्यानं कामावरचा सदरा भीमाबाईपुढं ठेवला आणि त्याच्या बाह्या कोपराच्या वर कापायला सांगितलं. तिनं लगेच कात्री घेतली.

जयंतीच्या संध्याकाळी मंचावर बांबूला झगा टांगलेला होता, आतली बाजू बाहेर करून. सगळे चोरखिसे उघडे दिसत होते. अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात जानराव पुढं आला. "माह्याजवळ विद्या नाही," तो म्हणाला. "हात हाय. ज्याले पाहायचं त्यानं यावं, खिशात हात घालून पाहावं." काही लोक खरंच वर गेले. मागच्या रांगेतले काहीजण उठून गेले. त्यानं दोरीचा खेळ केला, नाण्याचा केला, कड्यांचा केला. उघड्या हातांनी केलेले ते खेळ पूर्वीपेक्षा सफाईचे होते, पण टाळ्या जेमतेम पडल्या. पाया पडायला कुणी आलं नाही.

लोक पांगले. जानराव दोऱ्या गुंडाळत होता. सिंधुताई शालिकरामसोबत आली, आणि तिच्या आवाजात तक्रार होती.

"हे काय केलं, भाऊ? त्या झग्यात देवावाणी दिसत होते तुमी. आता तं आमच्यासारखेच दिसून राहिले."

शालिकरामनं ओशाळून बायकोकडं पाहिलं. मग त्यानं जानरावच्या हातातल्या दोरीचं दुसरं टोक धरलं आणि दोघं मिळून ती गुंडाळू लागले.