कढत चहाचं कौतुक

मी विज्ञानाचा मास्तर, तरी उदगीरच्या आमच्या सायकल दुरुस्तीवाल्या मामांना कढत चहा एका दमात प्यायला लावून पाहुण्यांना दाखवायचो. ते तंबाखू थुंकायचे, "बघा सर!" म्हणायचे आणि कप पालथा करायचे. शाबासकी मात्र मलाच मिळायची.

परवा ते दुकानात वाटीत भाकरी पाण्यात कालवत होते.

"हल्ली घास अडकून राहिला, सर. बाप अन्ननलिकेच्या कॅन्सरनंच गेला."

मी म्हणालो, "मामा, मग तुम्हाला धोका जास्त! कढत चहा, तंबाखू आजच बंद. उद्या लातूरला जाऊन दुर्बिणीनं तपासून घ्या."

मामांनी वाटी खाली ठेवली.

"पोरांना हे रोज शिकवता म्हणं. मला चहा पाजायच्या टायमाला शाळेला सुट्टी होती का, सर?"